एका अक्षराची उलटापालट

वैनगंगेच्या काठावर वसलेल्या पवनीत ‘सिकलसेल’ हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर आणि नागपूर या पूर्व विदर्भाच्या पट्ट्यात हा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आरोग्य कर्मचारी शाळांमधून आणि गावांमधून बोटाला टोचून रक्ताचा थेंब घेतात आणि सोल्युबिलिटी चाचणी करतात. लग्न जुळवताना पत्रिकेबरोबर सिकलसेलचा अहवालही पाहावा, असा आग्रह इथले कार्यकर्ते वर्षानुवर्षे धरत आले. नागपूरचे संपत रामटेके यांनी याच कामात आयुष्य घातले. त्यांना 2018 साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. त्यामुळे जनुकातला एक बारीकसा बदल माणसाच्या सगळ्या जगण्यावर कसा परिणाम करतो, हे या भागातल्या शेतकऱ्याला पुस्तक न वाचताही ठाऊक असते.

तो बदल नेमका कोणता, हे इंग्लंडमधील केंब्रिजच्या व्हर्नन इन्ग्रॅम यांनी 1956–57 मध्ये दाखवून दिले. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत 146 अमिनो आम्ले असतात. त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले की सिकलसेल होतो. डीएनएच्या लिपीत पाहिले तर तिथे ‘जीएजी’ ही तीन अक्षरे असायला हवीत. मधल्या ‘ए’च्या जागी ‘टी’ येतो आणि ‘जीटीजी’ तयार होते. बिघाड एवढाच आहे.

आता दुसरे जनुक पाहू. त्याचे नाव बीरॅफ. ते सातव्या गुणसूत्रावर असते आणि त्यापासून 766 अमिनो आम्लांचे एक प्रथिन तयार होते. पेशीने वाढायचे की थांबायचे, हा निरोप पुढे पोचवणे हे त्या प्रथिनाचे काम. त्याच्या 600व्या जागी व्हॅलिन असते आणि त्याची तीन अक्षरे ‘जीटीजी’. मोठ्या आतड्याच्या काही कर्करोगांत इथल्या मधल्या ‘टी’च्या जागी ‘ए’ येतो, ‘जीटीजी’चे ‘जीएजी’ होते आणि व्हॅलिनच्या जागी ग्लुटामिक आम्ल बसते. सिकलसेलमध्ये जे घडते त्याच्या अगदी उलट. शास्त्रीय भाषेत या बदलाला ‘व्ही600ई’ म्हणतात. 2002 साली ब्रिटनमधील संशोधकांनी तो प्रथम नोंदवला.

या दोन बदलांत एक मोठा फरक आहे आणि तो आधीच स्पष्ट व्हायला हवा. सिकलसेलचा बदल आई-वडिलांकडून येतो, जन्मापासून शरीराच्या प्रत्येक पेशीत असतो आणि मुलांकडे जाऊ शकतो. बीरॅफचा हा बदल आतड्याच्या अस्तरातल्या एखाद्याच पेशीत, आयुष्याच्या मध्यात किंवा उतारवयात घडतो. तो त्या पेशीच्या वंशातच, म्हणजे गाठीतच राहतो. रुग्णाच्या रक्तातल्या निरोगी पेशींत तो नसतो आणि मुलाबाळांकडेही जात नाही.

बंद न होणारा निरोप

निरोगी पेशीत बीरॅफ प्रथिन बाहेरून सूचना आली की जागे होते आणि काम झाले की शांत होते. व्ही600ई बदल झालेले प्रथिन शांत होतच नाही. शेतातल्या पंपाचा स्टार्टर चालू स्थितीत चिकटून बसला तर बांधी भरून वाहू लागली तरी पाणी येतच राहते, तसेच इथे होते. प्रयोगशाळेतल्या मोजमापात या बदललेल्या प्रथिनाची क्रियाशीलता मूळ प्रथिनाच्या सुमारे 500 पट आढळली.

मोठ्या आतड्याचा कर्करोग एका बदलाने होत नाही. एरिक फिअरन आणि बर्ट फोगेलस्टाइन यांनी 1990 मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार आधी एपीसी हे जनुक निकामी होते आणि आतड्याच्या आतल्या पृष्ठभागावर मोड, म्हणजेच पॉलिप, उगवतो. मग केरॅस बदलते, पुढे टीपी53 हे रखवालदार जनुक जाते आणि मोडाचा कर्करोग होतो. या वाटचालीला बहुधा दहा-एक वर्षे लागतात. बीरॅफची वाट वेगळी आहे. ती बहुतेक वेळा आतड्याच्या उजव्या भागात, चपट्या आणि चिकट थराने झाकलेल्या दातेरी मोडांतून जाते. असे मोड दुर्बिणीतूनही सहज नजरेस पडत नाहीत.

उजव्या बाजूच्या गाठी लक्षणेही उशिरा देतात. तिथे मल पातळ असतो, त्यामुळे अडथळा लवकर जाणवत नाही. रक्त थोडे थोडे झिरपते, मलात मिसळून जाते आणि डोळ्यांना दिसत नाही. रुग्णाला जाणवतो तो फक्त थकवा, आणि तपासणीत दिसते ते कमी झालेले हिमोग्लोबिन. ज्या भागात सिकलसेल आणि कुपोषणाचा अशक्तपणा घरोघरी परिचयाचा आहे, तिथे अशा रुग्णाला लोहाच्या गोळ्या देऊन घरी पाठवले जाण्याचा धोका अधिक असतो.

पोटाचे अस्तर

पोटातली आतडी, जठर, यकृत या सगळ्यांवर आणि पोटाच्या भिंतीच्या आतल्या बाजूवर एक पातळ, चकचकीत पापुद्रा असतो. त्याला उदरावरण किंवा पेरिटोनियम म्हणतात. त्याचा पसारा उलगडला तर तो जवळजवळ शरीरावरच्या त्वचेइतका भरतो. त्याच्या दोन थरांमध्ये थोडासा द्रव असतो. त्यामुळे आतडी एकमेकांवर घासत नाहीत, सहज सरकतात.

कर्करोगाची गाठ आतड्याच्या आतून वाढत वाढत भिंत भेदून बाहेरच्या या पापुद्र्यापर्यंत पोचली की पेशी सुटून त्या द्रवात पडतात. श्वासाबरोबर छातीचा पडदा वरखाली होतो, माणूस उठतो, बसतो, झोपतो आणि द्रव पोटभर फिरत राहतो. सुटलेल्या पेशी ओटीपोटाच्या तळाशी, आतड्यांवर पदरासारख्या पसरलेल्या चरबीच्या थरात, उजव्या बाजूला यकृताच्या वर आणि स्त्रियांमध्ये अंडाशयांवर जाऊन चिकटतात. तिथे तांदळाच्या कणीएवढ्या गाठी धरतात. त्या इतक्या लहान असतात की सीटी स्कॅनमध्ये अनेकदा दिसतच नाहीत. पुढे पोटात पाणी साठते, आतडी जखडली जातात, उलट्या सुरू होतात, अन्न पुढे सरकत नाही.

रक्तातून दिलेले केमोचे औषध या पापुद्र्यावरच्या गाठींपर्यंत पुरेसे पोचत नाही. यकृतात किंवा फुप्फुसात पसरलेल्या आजारापेक्षा हा प्रसार म्हणूनच जास्त चिवट ठरतो. 2016 मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त 14 चाचण्यांतल्या 10,553 रुग्णांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचा कर्करोग फक्त पोटाच्या अस्तरावर पसरला होता, त्यांचा मध्यक जीवनकाल 16.3 महिने होता. म्हणजे निम्मे रुग्ण याहून कमी जगले आणि निम्मे याहून अधिक. फक्त फुप्फुसात प्रसार असलेल्यांसाठी हाच आकडा 24.6 महिने होता. या अभ्यासात अस्तरापुरताच प्रसार असलेले रुग्ण 200 हूनही कमी होते. अस्तरावरच्या बारीक गाठी स्कॅनवर नीट मोजता येत नाहीत. औषधांच्या चाचण्यांना मात्र मोजता येणारी गाठ हवी असते. त्यामुळे सर्वांत कठीण आजार असलेले हे रुग्ण संशोधनाच्या दाराबाहेरच राहत आले.

अक्षर आणि आयुष्य

अस्तरावरच्या या प्रसाराचा जनुकांशी संबंध आहे का? 2011 साली ‘कॅन्सर’ या नियतकालिकात ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या रुग्णांचा एक अभ्यास आला. त्यात शरीरात पसरलेल्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे 524 रुग्ण होते. बीरॅफ बदल असलेल्यांपैकी 46 टक्के रुग्णांच्या पोटाच्या अस्तरावर प्रसार होता. बदल नसलेल्यांमध्ये हे प्रमाण 24 टक्के होते. फुप्फुसातला प्रसार मात्र बदल असलेल्यांत कमी आढळला. मध्यक जीवनकाल बदल असलेल्यांचा 10.4 महिने आणि नसलेल्यांचा 34.7 महिने होता.

एका अक्षराने आजार कुठे पसरेल हेही सुचवले आणि रुग्ण साधारण किती काळ जगेल हेही. तरीही हा आकडा कोणा एका रुग्णाचे भविष्य नव्हे. तो गटाचा आकडा आहे. शिवाय तो त्या काळचा आहे, जेव्हा या बदलावर नेमके औषध नव्हते.

केरॅसचा बदल बीरॅफच्या बदलाहून बराच अधिक आढळतो. पसरलेल्या आजारात दहांपैकी साधारण चार रुग्णांत तो असतो. 2008 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासाने दाखवले की सेटुक्सिमॅब हे महागडे औषध केरॅस बदललेल्या रुग्णांना उपयोगी पडत नाही. बदल नसलेल्यांमध्ये त्याने मध्यक जीवनकाल 4.8 महिन्यांवरून 9.5 महिन्यांवर नेला. तेव्हापासून जनुकाची चाचणी न करता हे औषध देणे म्हणजे रुग्णाचे पैसे आणि वेळ दोन्ही वाया घालवणे, हे पक्के झाले.

तिसरा बदल वेगळ्या जातीचा आहे. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते, तिच्यात चुका होतात आणि त्या दुरुस्त करणारी प्रथिने पेशीत असतात. एमएलएच1, एमएसएच2, एमएसएच6 आणि पीएमएस2 ही त्यांतली चार महत्त्वाची. यांतले एखादे नसले की चुका साठत जातात. अशा गाठी पसरलेल्या आजारात वीसपैकी साधारण एका रुग्णात आढळतात. पण ज्याच्यात आढळतात, त्याच्यासाठी उपचाराचे सगळे गणित बदलते. चुकांनी भरलेल्या पेशी शरीराच्या प्रतिकारशक्तीला परक्या वाटतात. प्रतिकारशक्तीवरचा लगाम सैल करणारे पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध त्यांच्यावर चांगले चालते. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 307 रुग्ण होते. केमोवर आजार मध्यक 8.2 महिने काबूत राहिला, या औषधावर 16.5 महिने.

चुका दुरुस्त करणाऱ्या या जनुकांतला बिघाड कधी कधी सिकलसेलसारखाच वारशाने येतो. त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. अमेरिकेतील मिशिगनमध्ये 1895 साली एका शिवणकाम करणाऱ्या बाईने ऑल्ड्रेड वॉर्थिन या डॉक्टरांना सांगितले होते की आपल्या घरातल्या इतरांप्रमाणे आपणही आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगानेच जाणार. तसेच झाले. वॉर्थिन यांनी त्या घराण्याची वंशावळ मांडून 1913 मध्ये प्रसिद्ध केली. त्यामागची जनुके मात्र 1993–94 मध्ये सापडली. बीरॅफची चाचणी इथेही कामी येते. गाठीत एमएलएच1 नसेल आणि बीरॅफ बदललेले असेल, तर तो बिघाड बहुधा घराण्यातला नसून त्या गाठीपुरता असतो. कुटुंबाची मोठी चिंता त्या एका अहवालाने मिटते.

शस्त्रक्रियेची हिंमत

1990च्या दशकापर्यंत अस्तरावर पसरलेला कर्करोग म्हणजे ‘पोट उघडले आणि तसेच बंद केले’ अशी स्थिती होती. वॉशिंग्टनचे शल्यविशारद पॉल शुगरबेकर यांनी 1995 मध्ये अस्तराचा रोगट भाग सोलून काढण्याच्या शस्त्रक्रियेची पद्धत मांडली. पोटाचे 13 भाग पाडायचे, प्रत्येकातल्या गाठीला आकारानुसार 0 ते 3 गुण द्यायचे आणि बेरीज करायची. ही बेरीज जास्तीत जास्त 39 होते. ती 20 च्या पुढे गेली की या कर्करोगात मोठी शस्त्रक्रिया सहसा टाळतात. गाठी काढून झाल्यावर 41 ते 43 अंश सेल्सिअस तापमानाचे केमोचे औषध पोटात फिरवायचे. या पद्धतीला ‘हायपेक’ म्हणतात.

2003 मध्ये नेदरलँड्समधील 105 रुग्णांच्या चाचणीत शस्त्रक्रिया आणि हायपेकने मध्यक जीवनकाल 12.6 महिन्यांवरून 22.3 महिन्यांवर गेला. मग फ्रान्समधील 17 केंद्रांनी 265 रुग्णांवर प्रश्न अधिक नेमका केला. गाठी पूर्ण काढल्यावर गरम औषधाने आणखी काही फायदा होतो का? 2021 मध्ये प्रसिद्ध झालेले उत्तर होते गरम औषधासह 41.7 महिने आणि त्याशिवाय 41.2 महिने. ऑक्झालिप्लाटिन हे औषध अर्धा तास फिरवून आयुष्य वाढले नाही. दोन्ही गटांना साडेतीन वर्षांच्या आसपास आयुष्य मिळाले ते काळजीपूर्वक निवडलेल्या रुग्णांमधल्या पूर्ण शस्त्रक्रियेमुळे आणि आधुनिक केमोमुळे.

निवड कशी करायची, यातच जनुक पुन्हा येते. स्वित्झर्लंडमधील झुरिकच्या शल्यविशारदांनी 2018 मध्ये दाखवले की रॅस (केरॅस ज्या गटातले आहे ती जनुके) किंवा बीरॅफ बदललेल्या रुग्णांचा जीवनकाल शस्त्रक्रियेनंतरही कमी भरतो. गाठींची बेरीज, लसिकाग्रंथी, पेशींचे रूप आणि हे जनुकीय बदल एकत्र करून त्यांनी गुणपद्धती बनवली. सात-आठ तासांची शस्त्रक्रिया कोणाला लाभेल आणि कोणाला तिचा नुसता त्रासच होईल, हे ठरवायला असे माप लागते. भारतातही अहमदाबाद, मुंबई, बंगळूरु येथील शल्यविशारदांनी या शस्त्रक्रियांचे अनुभव एकत्र नोंदवायला सुरुवात केली आहे.

आपल्याकडचा आजार

मुंबईत 1941 मध्ये सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने 2013–14 मधील मोठ्या आतड्याच्या आणि मलाशयाच्या कर्करोगाच्या 800 रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांचे सरासरी वय 47 वर्षे होते. युरोप-अमेरिकेत हा आजार प्रामुख्याने साठी-सत्तरीतला. या 800 पैकी साधारण 13 टक्के रुग्णांत ‘सिग्नेट रिंग’ प्रकारच्या पेशी होत्या. पाश्चात्त्य देशांत हा प्रकार क्वचित, शंभरात एखादा आढळतो. या पेशी चिकट द्रवाने भरलेल्या असतात, आक्रमक असतात आणि त्यांचा ओढा पोटाच्या अस्तराकडेच असतो. टाटा हे देशभरातून कठीण रुग्ण येणारे रुग्णालय आहे, त्यामुळे हे आकडे सगळ्या लोकसंख्येचे नव्हेत. तरी एवढे त्यातून नक्की दिसते की ‘तरुण आहे, कॅन्सर कसा असेल’ हे म्हणणे इथे धोक्याचे आहे.

पवनीच्या रुग्णाची वाट कशी असते? शौचातून रक्त गेले की पहिला तर्क मूळव्याधीचा. गावोगावी मूळव्याध-भगंदराच्या पाट्या असतात, औषधाच्या पुड्या मिळतात. काही महिने त्यात जातात. मग पवनीच्या सरकारी रुग्णालयातून भंडारा, किंवा भिवापूर-उमरेडमार्गे सुमारे 80 किलोमीटरवरचे नागपूर. तिथे ‘मेडिकल’ म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, मिहानमधील एम्स, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक शस्त्रक्रिया आणि केमो बसतात. म्हणजे गाठ काढण्याची आणि केमोची सोय आता तशी दूर राहिलेली नाही.

राहून जाते ती चाचणी. बायोप्सीत काढलेला तुकडा मेणात बसवून जपून ठेवतात. त्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. चार दुरुस्ती-प्रथिनांची रंगचाचणी, म्हणजे एमएमआर, याच ब्लॉकमधून कापलेल्या पातळ पापुद्र्यांवर होते. रॅस आणि बीरॅफची अक्षरेही याच तुकड्यातून वाचली जातात. त्यासाठी रुग्णाला मुंबईला जावे लागत नाही, ब्लॉक पाठवला तरी पुरते. हा अहवाल हातात येण्याआधी पहिले औषध ठरवणे घाईचे होते, कारण कोणते औषध चालेल आणि कोणते चालणार नाही हे त्यातच लिहिलेले असते.

बीरॅफच्या बाबतीत तर गेल्या काही वर्षांत चित्रच पालटले आहे. एन्कोराफेनिब या बीरॅफ रोखणाऱ्या औषधाला सेटुक्सिमॅबची जोड देऊन पाहण्यात आली. आधीचे उपचार थकलेल्या रुग्णांचा मध्यक जीवनकाल त्याने 5.9 महिन्यांवरून 9.3 महिन्यांवर नेला. हीच जोडी पहिल्याच टप्प्यात केमोबरोबर दिली तर काय होते, याचे उत्तर 2025 मध्ये आले. नेहमीच्या उपचारावर 15.1 महिने, नव्यावर 30.3 महिने. हा रुग्ण बीरॅफचा आहे हे पहिल्या दिवशी कळले, तरच हा लाभ मिळतो.

किमतीचा प्रश्न उरतोच. ही औषधे महाग आहेत आणि पवनीच्या धान उत्पादक शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरची आहेत. त्यावर देशात प्रयत्न सुरू आहेत. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी तोंड-घशाच्या कर्करोगात निव्होलुमॅब हे प्रतिकारशक्तीचे औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या भागाहूनही कमी देऊन पाहिले. 2022 च्या त्या अभ्यासात एका वर्षानंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण 16.3 टक्क्यांवरून 43.4 टक्के झाले. आतड्याच्या कर्करोगाला तो निष्कर्ष जसाच्या तसा लागू होत नाही, पण कमी मात्रेचा हा मार्ग इथेही तपासायला हवा आणि तो तपासण्याची क्षमता आपल्या डॉक्टरांकडे आहे. जनुकीय चाचण्यांचा खर्च सरकारी योजनेत ठळकपणे यायला हवा. औषधांवर लाखो रुपये खर्च करण्याआधी ते चालेल की नाही हे सांगणाऱ्या चाचणीवर काही हजार खर्च करणे हीच खरी काटकसर आहे.

सिकलसेलच्या बाबतीत पूर्व विदर्भाने हे करून दाखवले आहे. ज्या भागात शाळकरी मुलाच्या रक्तातला एका अक्षराचा फरक शोधण्याची यंत्रणा गावापर्यंत पोचली, तिथे कर्करोगाच्या ब्लॉकमधली अक्षरे वाचण्याची व्यवस्था जिल्ह्यापर्यंत पोचवणे अशक्य नाही.

वाचकांनी तोवर काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. शौचातून रक्त जात असेल, शौचाची सवय काही आठवडे बदललेली असेल, किंवा पुरुषाचे अथवा पाळी गेलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन कारण नसताना कमी होत असेल, तर मूळव्याध किंवा अशक्तपणा म्हणून विषय संपवू नये. दुर्बिणीतून तपासणी करून घ्यावी, वय तिशीचे असले तरी. घरात दोन-तीन जणांना आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग झाला असेल तर डॉक्टरांना ते आपणहून सांगावे. लिंच सिंड्रोम निघाल्यास विशीपासूनच दर एक-दोन वर्षांनी दुर्बीण तपासणी केली तर मोड कर्करोग होण्याआधीच काढता येतात. शस्त्रक्रिया झाल्यावर ब्लॉक आणि स्लाइड कुठे आहेत हे विचारून ठेवावे. आणि आजार पसरलेला असेल तर कागदांत एमएमआर, रॅस आणि बीरॅफ ही तीन नावे शोधावीत. ती नसतील, तर पुढचा उपचार ठरण्यापूर्वी ही चाचणी डॉक्टरांकडे स्पष्टपणे मागावी.